ह्या रानडुकराचं वय तरी किती?

(रेडिओवर झालेलं भाषण)

भांडी झाली असतील, जनावरांचं वैरणपाणी आटोपलं असेल, तर जरा बसा. आज आम्ही एका जनावराबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव काढलं की तुमच्यातल्या निम्म्या जणी कपाळाला हात लावतील.

गोष्ट गेल्या भादव्यातली. कन्नड तालुक्यात, डोंगराच्या कडेला असलेल्या एका गावात आम्ही दोघी समन्वयक गटाच्या महिन्याच्या बैठकीला गेलो होतो. हजेरी झाली, बचत जमा झाली, आणि कर्जाच्या हप्त्यापाशी सगळं अडलं. एका ताईचा हप्ता आला नव्हता. पाच वर्षांत ही ताई एकदाही थकलेली नव्हती. गटातून १५ हजार उचलून तिनं एकरभर मका केला होता. दाणा चिकात आला आणि दोन रात्रींत निम्म्याहून जास्त मका आडवा झाला. ती म्हणाली, "खाल्ला त्याचं एवढं वाईट वाटत नाही. खाल्ल्यापेक्षा मोडला जास्त."

मग ज्याची त्याची कहाणी सुरू झाली. कुणाच्या भुईमुगाच्या वेली उकरल्या, कुणी मका टोकला त्याच रात्री बी उकरून खाल्लं. कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारलं, "ह्यांला मरण नाही का? किती वर्सं जगतंय हे जनावर?" एक जण म्हणाली वीस वर्षं. दुसरी म्हणाली, ते आपण होऊन मरतच नाही.

उत्तर आम्हालाही येत नव्हतं. आम्ही बी.ए. झालेल्या, जनावरांच्या डॉक्टर नाही. पण पुढच्या बैठकीला सांगतो म्हणालो, आणि तेव्हापासून पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, वनरक्षक दादांना विचारलं, पुस्तकं चाळली. जे हाती लागलं ते आज सांगतो. त्यातून मक्याबद्दलही एक गोष्ट आम्हाला कळली, ती आधी ठाऊकच नव्हती.

आजींच्या प्रश्नाची उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

पोटभर खायला मिळालं, रोग आला नाही, बिबट्या-वाघ नाही, माणसाचा फास नाही, असं सगळं जुळून आलं तर डुक्कर १५ ते २० वर्षं जगू शकतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात एका घरी लाडानं पाळलेली डुकरीण २३ वर्षांहून जास्त जगली. तेव्हा वीस म्हणणारी ताई चुकली नव्हती.

पण रानात दहा वर्षांचं डुक्कर सापडणं फार दुर्मीळ. बहुतेक डुकरं चार-पाच वर्षांच्या पुढे जात नाहीत. आणि जन्मलेल्या पिल्लांतली कितीतरी पिल्लं वर्षाचीसुद्धा होत नाहीत.

हे दोन आकडे एकाच वेळी खरे कसे? आपल्याच देशाचं बघा. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. म्हणजे बत्तीस वर्षं झाली की माणूस मरत होता का? तेव्हाही ऐंशी वर्षांच्या आज्या होत्याच. पण लहान बाळं इतकी दगावायची, बाळंतपणात इतक्या बाया जायच्या, की सरासरी खाली यायची. रानडुकराचं तसंच आहे. वय मोठं गाठायची ताकद अंगात आहे, पण गाठू देतंय कोण?

आता जन्मापासून सुरुवात करू.

डुकरिणीचे दिवस लक्षात ठेवायला सोपे आहेत: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. म्हणजे साधारण ११४ दिवस. आपली गाय नऊ महिने नऊ दिवस घेते, शेळी पाच महिने. तेव्हा डुकरीण शेळीपेक्षाही लवकर मोकळी होते. आपल्या देशात रानडुकरीण वर्षात केव्हाही विते, पण पावसाळ्याच्या थोडं आधी आणि पावसाळा सरताना जास्त. एका वेळी चार ते सहा पिल्लं. पाळलेल्या सुधारित जातीच्या डुकरिणीला आठ ते बारा होतात.

विण्याच्या आधी ती कळप सोडते. दाट झुडपात जागा बघते, जमीन थोडी उकरते, तोंडानं गवत, पाला, काटक्या ओढून आणते आणि घरटं करते. हो, पाखरासारखं घरटं! एवढं मोठं जनावर घरटं बांधतं हे वाचून आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पण त्याला कारण आहे. डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे ते गारठ्यानंच मरतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात धोक्याचे. घरट्यातला पाला हीच त्याची गोधडी.

दूध पाजण्याची पद्धत ऐका, कारण ही पोरं पाजलेल्या बाईलाच नीट कळेल. डुकरिणीच्या सडांत गाईसारखं दूध साठून राहत नाही. साधारण तासातासाला ती आडवी होते, हळू आवाजात हुंकार देऊन पिल्लांना बोलावते, आणि दूध सुटतं ते फक्त दहा-वीस सेकंद. तेवढ्यात जो पोचला त्याचं पोट भरलं. म्हणून पहिल्या काही दिवसांतच पिल्लं आपापसांत झुंजून एकेक सड ठरवून घेतात आणि पुढे दूध तुटेपर्यंत प्रत्येक जण आपल्याच सडाला लागतो. पुढच्या सडांना दूध जास्त, मागच्यांना कमी. या झुंजीसाठी पिल्लू आठ सुईसारखे दात घेऊनच जन्माला येतं. धट्टंकट्टं पिल्लू पुढचा सड पटकावतं आणि आणखी धट्टंकट्टं होतं. मागे राहिलेलं मागेच राहतं.

बाईला चार-पाच लेकरं झाली की लोक सहज बोलून जातात, "डुकरिणीसारखी..." पुढचं आम्ही बोलत नाही. तासातासाला, दिवसरात्र, सहा-सहा लेकरांना पाजणारी आई आहे ती. ही उपमा देणाऱ्यानं एक रात्र तसं जागून दाखवावं.

आठ-पंधरा दिवसांनी ती पिल्लांना घेऊन कळपात परत येते. कळप असतो माद्यांचा: एखादी जुनी मादी, तिच्या लेकी, त्यांची पिल्लं. एका कळपातल्या माद्या बऱ्याचदा मागेपुढे काही दिवसांच्या फरकानं वितात आणि कधीकधी एकमेकींच्या पिल्लांना पाजतातही. पिल्लांच्या अंगावर खारीसारखे पट्टे असतात, वाळल्या गवतात पिल्लू दिसूनच येत नाही. चार-सहा महिन्यांत पट्टे पुसट होऊन जातात. दूध तुटतं तीन-चार महिन्यांनी.

नरांची गोष्ट वेगळी. वर्ष-दीड वर्षाचा नर कळपातून बाहेर पडतो. काही दिवस जोडीदारांसोबत हिंडतो, पुढे एकटा. तुम्हाला बांधावर एकटंच मोठं धूड दिसतं ते नराचं. त्याच्या खांद्यावर कातडीखाली जाड, टणक थर तयार होतो, ढालीसारखा, कारण माजाच्या दिवसांत नर एकमेकांना सुळ्यांनी फाडतात. वयात लवकर आला तरी मोठ्या नरांपुढे त्याचं काही चालत नाही. बाप व्हायची संधी दोन-तीन वर्षांनंतर, तीही टिकला तर.

वय कसं ओळखायचं? वनरक्षक दादा म्हणाले, दातांवरून. आपण बैलाचं वय दात बघून सांगतो, आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला, तसंच हे. पहिली पक्की दाढ चार-सहा महिन्यांत येते, दुसरी वर्षाच्या आसपास, शेवटची दोन वर्षांच्या सुमाराला. तेव्हा तोंडात सगळे मिळून ४४ दात होतात, आपल्यापेक्षा बारा जास्त. तिथून पुढे नवीन दात नाही, फक्त झीज. ज्याच्या दाढा सपाट झाल्या ते म्हातारं. नराचे सुळे मात्र आयुष्यभर वाढत राहतात आणि वरचा-खालचा एकमेकांवर घासून धार लागत राहते. म्हणून म्हातारा नर जास्त धोक्याचा. दाढा गेलेल्या, सुळे शाबूत.

म्हातारपण रानात फार लांबत नाही. दाढा झिजल्या की कंदमुळं, कठीण दाणे नीट फोडता येत नाहीत, अंग उतरतं आणि उन्हाळ्यात पाण्याचे हाल झाले की संपलं. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून ते चिखलात लोळतं. लोळायला चिखल नाही तर उन्हाळा त्याला सोसत नाही. लोक त्याला घाणेरडं म्हणतात, पण तो त्याचा कूलर आहे.

आता आपल्या गावातलं डुक्कर. रानातलं आणि गावातलं, जात मुळात एकच. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तुर्कस्तानच्या भागात आणि चीनमध्ये माणसानं रानडुक्कर पाळायला सुरुवात केली, त्यातून आजचं पाळीव डुक्कर तयार झालं. अजूनही दोघांचा संकर होतो. पण वयाचा हिशेब बघा. वराहपालनात मांसासाठी वाढवलेलं डुक्कर आठ-दहा महिन्यांत ८० ते १०० किलोचं होतं आणि विकलं जातं. विण्यासाठी ठेवलेल्या डुकरिणीचं पहिलं वेत लहान असतं, तिसऱ्या ते पाचव्या वेताला सगळ्यात जास्त पिल्लं, मग उतरती कळा, आणि चार-पाच वर्षांची झाली की तीही बाजारात. म्हणून म्हातारं डुक्कर तुमच्यातल्या कुणी पाहिलंय का असं आम्ही बैठकीत विचारलं, तर एकीनंही हात वर केला नाही.

(वराहपालनाबद्दल काही गटांनी विचारलं होतं, म्हणून एवढंच. आफ्रिकन स्वाइन फीवर नावाचा रोग २०२० साली आसाम-अरुणाचलमार्गे आपल्या देशात आला. माणसाला होत नाही, पण डुकरांचा गोठाच्या गोठा साफ करतो. लस-औषधाचं विचारल्याशिवाय आणि डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय कर्ज उचलू नका. बाकी या विषयावर वेगळं बोलू.)

आता मक्याकडे येऊ.

आम्ही समजत होतो की डुकरीण ठरावीक वयाची झाली की गाभण राहते. पण तिच्या बाबतीत वयापेक्षा वजन महत्त्वाचं. खाण्यापिण्याची ओढाताण असेल तर ती दुसऱ्या वर्षी, कधी त्याच्याही पुढे पहिल्यांदा विते. भरपूर खायला मिळालं तर आठ-दहा महिन्यांतच गाभण राहते आणि वर्ष-सव्वा वर्षाची होईतो आई झालेली असते. पिल्लंही जास्त होतात, जास्त जगतात, आणि वर्षात दुसरं वेतही येऊ शकतं.

आपल्या शिवारात तिला खायला काय आहे ते महिन्यावार मोजून बघा. जूनमध्ये आपण मका, भुईमूग टोकतो, ती बी उकरते. सप्टेंबरात सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे जिकडेतिकडे मका चिकात. भुईमुगाच्या शेंगा भरलेल्या. दिवाळीनंतर पैठण-गंगापूरकडे ऊस उभा, त्यात खाणंही आणि लपणंही. माघात हरभरा, शाळू. शिवाय काढणीत सांडलेलं धान्य. पूर्वी रानात कंद, बोरं, मोहाची फुलं, किडेमुंग्या मिळतील त्यावर ती वर्ष काढायची आणि मधे उपाशी महिने यायचे. त्या उपाशी महिन्यांतच तिची संख्या आवरली जायची.

आम्ही वहीत हिशेब मांडला, तुम्हीही मांडा. हे आकडे धरून चालण्याचे आहेत, मोजलेले नाहीत. समजा शिवारात १० माद्या आहेत. चांगल्या वर्षी प्रत्येकीला ५ पिल्लं, झाली ५०. निम्मी मेली, राहिली २५. त्यात माद्या १२ धरा. जुन्या दहातल्या ३ मेल्या, उरल्या ७. सात आणि बारा, एकोणीस. एका वर्षात दहाच्या एकोणीस! आता वाईट वर्ष घ्या. दहातल्या सहाच व्याल्या, प्रत्येकीला ४, झाली २४. त्यातली अठरा मेली, राहिली ६, त्यात माद्या ३. जुन्या ४ मेल्या, उरल्या ६. सहा आणि तीन, नऊ. दहाच्या नऊ. जनावर तेच, आयुष्य तेवढंच, फरक फक्त खाण्याचा.

म्हणून आजींच्या प्रश्नाला आम्ही असं उत्तर दिलं: आजी, ती लवकरच मरतात. पण मरायच्या आधी दोन-तीनदा विऊन मोकळी होतात. ती म्हातारी होत नाहीत म्हणून संपत नाहीत असं नाही, ती तरुणपणीच आई होतात म्हणून संपत नाहीत.

मग मारून टाकली तर? हा प्रश्न प्रत्येक गावात येतो, आणि ज्यांचं पीक गेलंय त्यांच्या रागाला आम्ही चूक म्हणत नाही. पण फ्रान्समध्ये संशोधकांनी रानडुकरांच्या कळपांवर अनेक वर्षं नजर ठेवली. जिथे शिकार भरपूर होते तिथे डुकरिणी पहिल्याच वर्षी वितात आणि पिढी लवकर बदलते असं त्यांना दिसलं. म्हणजे माणूस आयुष्य कमी करतो आणि ती बाळंतपण अलीकडे आणते. खाणं तेवढंच राहिलं तर रिकामी झालेली जागा पुन्हा भरते.

आपल्याकडे रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षाही एका गोष्टीची आम्हाला भीती वाटते. काही लोक विजेच्या खांबावरून आकडा टाकून सरळ तारेत करंट सोडतात. रात्री त्या तारेला डुक्कर लागेल की पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस, हे तार बघत नाही. अशा तारेनं माणसं गेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. आणि रात्री मोटर चालू करायला कोण जातं? लाइट रात्रीची असते, घरचा पुरुष ऊसतोडीला गेलेला असतो, तेव्हा बाईच जाते. तुमच्या घरात कुणी ही तार ओढत असेल तर भांडून थांबवा. पिठाच्या गोळ्यातले गावठी बॉम्बही तसेच, त्यात गाईची, कुत्र्याची तोंडं फाटतात.

कधीकाळी डुकरांवर वाघाचा वचक होता. आपल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आज बिबटे आहेत, ते पिल्लं उचलतात, पण मोठ्या नराच्या वाटेला सहसा जात नाहीत. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत चालत गौताळ्यात आला होता, कॅमेऱ्यात दिसला होता. डोंगराकडेच्या बायांना विचारलं तर त्या म्हणाल्या, वाघ आला तर डुकरं कमी होतील हे खरं, पण सरपणाला कोण जाणार? दोन्ही बाजू खऱ्याच.

तर राहिलं ते खाणं तोडणं. त्याच गावात आम्ही काय काय करून बघितलं ते सांगतो.

जुन्या साड्यांचं कुंपण सगळ्यांनी केलं होतं. लांबून शेत कसं रंगीत दिसतं! पंधरा-वीस दिवस डुकरं बुजली, मग साडीखालून आत आली. कटिंगच्या दुकानातले केस टाकले, पहिल्या मोठ्या पावसात वाहून गेले. डुकराची नजर बेताची, पण नाक फार तेज आणि डोकं त्याहून. एकच युक्ती महिनाभर चालत नाही. म्हणून साड्या पेरणीपासून बांधून ठेवू नका, दाणा चिकात यायच्या आठ दिवस आधी बांधा, म्हणजे बुजण्याचे दिवस कामाला येतील. एकदा चव लागल्यावर बांधलेली साडी म्हणजे नुसतं तोरण.

ओढ्याकाठची वेडी बाभूळ आणि घाणेरीची जाळी तोडणं, हे काम लोकांना फालतू वाटतं. पण दिवसभर कळप तिथेच पडून असतो आणि डुकरीण वितेही तिथेच. शेताला लागूनची जाळी तोडली तर तिला रोज लांबून यावं लागतं. तोडायच्या आधी आत पिल्लं नाहीत ना हे लांबूनच बघा. पिल्लांजवळची डुकरीण माणसावर धावून येते, आणि तेव्हा काठी कामाला येत नाही.

पेरणी सगळ्यांनी एकाच आठवड्यात करणं, हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. एकीचा मका आधी चिकात आला तर सगळा कळप तिच्यावर, दुसरीचा मागे राहिला तर मग तिच्यावर. महिनाभर पंगत चालू राहते. सगळ्यांचा एकदम आला तर राखणीचे दिवस थोडे, आणि पाळ्या लावता येतात.

आणि सौर कुंपण, आपण ज्याला झटका मशीन म्हणतो ते. ह्यात करंट क्षणभराचा असतो, बसतो जोरात पण जीव घेत नाही. सरळ लाइटच्या तारेत आणि ह्यात हाच जीवन-मरणाचा फरक. खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी, कारण डुक्कर सहसा उडी मारत नाही, खालून घुसतं. तारेला गवत लागलं की झटका कमी होतो, म्हणून खालचं तण काढत राहावं लागतं. ते कोण काढणार हे आधी ठरवा.

पण एकटीला हे परवडत नाही, आणि त्याचंही गणित आहे. चौरस एक एकराला चारही बाजूंनी साधारण ८३५ फूट कुंपण लागतं. चार एकराचा एकच चौरस तुकडा असेल तर १,६७० फूट, म्हणजे एकरी निम्मंच, साधारण ४१८ फूट. सोळा एकर असेल तर एकरी २०९. बांध मोडायचा नाही, कुणाची जमीन कुणाकडे जायची नाही, फक्त कुंपण बाहेरून एक. बायांना हे गणित पाच मिनिटांत पटलं. त्यांच्या घरी ते पटवायला दोन महिने लागले, कारण दोघा शेजाऱ्यांचं बांधावरून जुनं भांडण होतं.

नुकसान भरपाईचंही सांगतो. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज द्या. सातबारा, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणि मोडलेल्या पिकाचे फोटो जोडा. पंचनामा होईपर्यंत मोडलेला मका काढू नका, उकरलेल्या खुणा आणि खुरांचे ठसे तसेच राहू द्या. वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे. रक्कम शासन निर्णयाप्रमाणे बदलत असते, ती कार्यालयात विचारून घ्या. आमच्या ताईचे पहिले दोन दिवस रडण्यात आणि तिसरा दिवस सातबारा काढण्यात गेला, कारण सातबारा सासऱ्यांच्या नावावर आणि सासरे गावाला. अर्ज कसाबसा संध्याकाळी पोचला. शेत ती कसते, कर्ज तिच्या नावावर, राखण ती करते, आणि अर्जावर सही दुसऱ्याची लागते. त्यावर एक पूर्ण भाषण होईल, आज नाही.

तिचा हप्ता गटानं तीन महिने पुढे ढकलला, ठराव लिहून. ज्यांनी हो म्हटलं त्यांत दोघींचं स्वतःचंही नुकसान झालेलं होतं.

यंदा सहा घरांनी मिळून अकरा एकराला एकच कुंपण केलं. ग्रामसंघातून कर्ज घेतलं, पेरणी मृगातल्या एकाच आठवड्यात केली. मका चिकात आला तेव्हा आम्ही दोघी मुद्दाम एक रात्र तिथे राहिलो. माळ्यावर पाच जणी, चहाची किटली, बॅटरी. बाराच्या पुढे ओढ्याकडून हुंकार आले. कुंपणाच्या बाहेर, बॅटरीच्या उजेडात, आधी एक मोठी डुकरीण दिसली, तिच्यामागे दोन लहान माद्या, आणि पायात घोटाळणारी पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. आम्ही सात मोजली, एकीनं नऊ मोजली. मोठीचं नाक तारेला लागलं, ती ओरडून मागे फिरली आणि सगळा कळप तिच्यामागे ओढ्यात उतरला. पलीकडच्या शिवारात कुंपण नव्हतं, तिकडे गेला असेल. त्या शिवारातल्या गटाची बैठक येत्या मंगळवारी आहे, आम्ही वही घेऊन जाणार आहोत.

माळ्यावर त्या आजीही होत्या, हट्टानं आलेल्या. त्यांनी विचारलं, "ती पुढची किती वर्सांची आसंल?"

आम्ही म्हटलं, "अंदाज आहे आजी, असेल पाच-सहा वर्षांची."

"मंग म्हातारीच की," आजी म्हणाल्या, आणि बॅटरी विझवायला सांगितली, सेल जळतात म्हणून.